पत्ता उघडा, पुस्तिका मिटा

वाचकांचे प्रश्न : टॅरो शिकताना

मागच्या अंकात टॅरोच्या पत्त्यांवर चार ओळी काय लिहिल्या, संपादकांनी पत्रांची पिशवीच घरी पाठवली. निम्म्याहून जास्त पत्रांत 'माझं लग्न कधी' आणि 'फ्लॅट विकला जाईल का' हेच आहे. ती बाजूला ठेवली आहेत, राग नसावा. ज्यांना स्वतः शिकायचं आहे त्यांचीच पत्रं इथे घेते. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की टॅरो म्हणजे 78 चित्रपत्त्यांचा जोड, म्हणजे डेक, ज्यावरून बरेच जण भविष्य सांगतात; माझी नोकरी शाळेत चित्रकला शिकवण्यात गेली आणि निवृत्तीनंतर नाशिकमध्ये गंगापूर रोडला घरीच शनिवारी दुपारी टॅरोचा छोटासा वर्ग घेते. ग्रहगोलांतलं मला काही कळत नाही. माझं उत्तर चित्रातूनच निघतं.

प्रश्न : ताई, मी एस. वाय. बी.एस्सी.ला आहे. वाढदिवसाच्या पैशांतून रायडर-वेट नावाचा टॅरोचा डेक मागवला. सोबतच्या पुस्तिकेतले अर्थ पाठ करतेय, पण विसाव्या पत्त्याशी आले की पहिले पाच पुसले जातात. त्यात उलट्या, म्हणजे डोकं खाली आलेल्या, पत्त्याचा अर्थ वेगळा! म्हणजे 156 अर्थ. कसं पाठ करू?
*– विद्यार्थिनी, कॉलेज रोड*

पाठांतर आजच थांबव. पिरिऑडिक टेबल पाठ केलंस तेवढं पुष्कळ झालं. उलट्या पत्त्यांच्या वाटेला तर सध्या जाऊच नकोस. उलटा आला की सरळ करून ठेवायचा आणि पुढे जायचं. कितीतरी मुरलेले लोकसुद्धा उलटे अर्थ धरत नाहीत, त्यांचं काही अडत नाही.

आणि 78 मधले 56 पत्ते तुझ्या ओळखीचेच आहेत. मे महिन्याच्या सुट्टीत बदाम सात खेळली असशीलच. कप्स म्हणजे आपले बदाम, सोर्ड्स म्हणजे इस्पिक, वाँड्स किल्वर आणि पेंटॅकल्स चौकट. एक्क्यापासून दश्शीपर्यंत सगळं तेच. राजा-राणी आहेतच, फक्त गुलामाच्या जागी पेज आणि नाइट असे दोघं जण आहेत, म्हणून 13 ऐवजी 14. हे झाले मायनर अर्काना, म्हणजे लहान पत्ते. उरलेले 22 मेजर, म्हणजे मोठे, शून्य क्रमांकाच्या फूलपासून एकविसाव्या वर्ल्डपर्यंत. कप्सकडे पाणी, म्हणजे मन आणि नातीगोती. सोर्ड्सकडे वारा, म्हणजे विचार, बोलणं, भांडण. वाँड्सकडे अग्नी, म्हणजे उमेद, काहीतरी सुरू करायची खुमखुमी. पेंटॅकल्सकडे माती, म्हणजे पैसा, घर, शरीर. एवढं डोक्यात असलं की सुरुवातीला पुरतं.

आता सराव. रोज एकच पत्ता काढ. चहा उकळेपर्यंत तो समोर राहू दे. वहीत आधी फक्त दिसतं तेवढं लिही. कोण आहे, कुठे बघतोय, हातात काय, पायात काय, आभाळाचा रंग कोणता. 'दुःख', 'यश', 'प्रगती' असले शब्द पहिल्या चार ओळींत नकोत. मग विचार कर, असं आपल्या आजूबाजूला अलीकडे कुठे घडलं? तेही लिही. पुस्तिका सगळ्यात शेवटी उघडायची.

वर्गात नवीन मंडळी आली की मी पेंटॅकल्सची पंजी मधोमध ठेवते. हमखास कोणीतरी म्हणतं, 'गरिबी.' मी म्हणते, गरिबी मला दिसत नाही, मला फाटकी शाल दिसते. तुम्हाला काय दिसतं? मग हळूहळू सुरू होतं. बर्फ पडतोय. पुढची बाई अनवाणी आहे. मागचा माणूस कुबड्यांवर, कपाळाला पट्टी, गळ्यात घंटा. वर रंगीत काचांची खिडकी, आत उजेड, पाचही नाणी त्या काचेतच. मागच्या बॅचला पंचवटीहून एक मुलगी यायची, फार बोलायची नाही. ती एकदम म्हणाली, 'बाई, पण दार कुठंय?' दार काढलेलंच नाही! त्यावर अर्धा तास गेला. दार नाही म्हणून ती दोघं बाहेर आहेत, की मान वर करून खिडकीकडे बघतच नाहीत म्हणून? एकीने आपणहून सांगितलं, की सासऱ्यांच्या आजारपणात दिराकडे पैसे मागायला तिची जीभ रेटली नव्हती, आणि पुढे कळल्यावर दीरच रागावला, 'मला परकं केलंत' म्हणून. तुझ्या पुस्तिकेत या पत्त्यापुढे 'आर्थिक तंगी' असं काहीतरी असेल. त्याच्याखाली पेन्सिलीने 'दार कुठंय?' एवढं लिहून ठेव.

प्रश्न : ताई, मी पिंपळगाव बसवंतची. मोबाइलवर बघून बघून शिकते. सासूबाईंची बायपास व्हायची आहे आणि परवा माझ्या हातून डेथचा पत्ता निघाला. तेव्हापासून डेक कपाटात टाकलाय. घरात कोणाला बोलले नाही. काही करावं लागेल का?
*– गृहिणी, पिंपळगाव बसवंत*

काहीही करावं लागणार नाही. सासूबाईंचं ऑपरेशन डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला होऊ द्या. डेकमध्ये तेरावा पत्ता आहे, तर तो कधीतरी हाताला लागणारच. तुमच्या घरी कोण आजारी आहे हे त्या पुठ्ठ्याला ठाऊक नसतं. आजारपण, गरोदरपण आणि कोर्टकचेरी, या तिन्हींवर मी स्वतः पत्ते मांडत नाही. शिकाऊ माणसाने तर मुळीच मांडू नयेत.

आता तो पत्ता काढा आणि दिवसाउजेडी नीट बघा. सांगाड्याने चिलखत घातलंय, घोडा पांढरा आहे. काळ्या निशाणावर पांढरं गुलाब. राजा आडवा पडलाय. धर्मगुरू हात जोडून समोर उभा आहे. तरुण मुलीने तोंड फिरवलंय, आणि तिच्या शेजारचं लहान पोर मात्र घोड्याकडे टक लावून बघतंय. मागे नदीत एक होडी चाललीय आणि लांब दोन बुरुजांमध्ये सूर्य आहे.

तुम्ही द्राक्षाच्या गावच्या, तुम्हाला मी काय सांगू? एप्रिलमध्ये खरड छाटणी झालेली बाग मुंबईच्या पाहुण्याला दाखवली तर तो हळहळेल, वेली मेल्या म्हणून. पान नाही, काडी नाही, नुसते ओलांडे, म्हणजे वेलीचे जाड हात, तारेवर. पण त्यानंतर फुटणाऱ्या काडीतच पुढच्या हंगामाचा घड तयार होतो आणि ऑक्टोबरची छाटणी त्याच काडीवर होते. तेराव्या पत्त्यात मला ती बाग दिसते.

तरीही 'डेथ म्हणजे नुसता बदल हो, घाबरू नका' असं गोडगोड बोलणारे मला पटत नाहीत. चित्रातला राजा खरोखर मेलाय, तो काही उठून बसणार नाही. कापलेली काडीही परत चिकटत नाही. तुमच्या घरात ऑपरेशननंतर सासूबाईंना वर्षानुवर्षांची काही कामं सोडावी लागतील, किल्ल्या-जबाबदाऱ्या तुमच्याकडे येतील, त्यांना ते जड जाईल आणि कदाचित तुम्हालाही. त्याबद्दल त्यांच्याशी आधीच मोकळेपणी बोलता आलं तर बोला. पत्त्याचा विषयही काढू नका.

प्रश्न : मी नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालो. नातीमुळे हे पत्ते पाहिले. टॅरो हे प्राचीन इजिप्तचं गूढ शास्त्र असून हजारो वर्षं जुनं आहे, असं व्हिडिओत सांगतात. खरं आहे का? आणि या चित्रांची छपाई मूळची कुठली?
*– ज्येष्ठ नागरिक, नाशिकरोड*

काका, इजिप्तचा काही संबंध नाही. हे पत्ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीत आले, आणि आले ते खेळायला. मिलानच्या व्हिस्कोंती आणि स्फोर्झा या सरदार घराण्यांसाठी हाताने रंगवलेले, सोन्याचा वर्ख लावलेले पत्ते आजही संग्रहालयांत आहेत. पुढची तीन-एकशे वर्षं लोक त्यांनी डावच खेळत होते. 1781 मध्ये आंत्वान कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकाने ठोकून दिलं, की यात इजिप्तच्या पुरोहितांचं ज्ञान लपलेलं आहे. गंमत अशी, की तेव्हा इजिप्तची चित्रलिपी जगात कोणालाच वाचता येत नव्हती. शांपोलियोंनी ती उलगडली 1822 मध्ये! पण तोवर कहाणी पसरली होती. 1780 च्याच दशकात एत्तेला या टोपणनावाच्या पॅरिसकराने पत्त्यांवरून भविष्य सांगायचं पुस्तक काढलं आणि त्यासाठी खास डेकही केला. भविष्याचा धंदा रीतसर सुरू झाला तो तिथून.

तुमच्या नातीकडे आहे तो डेक 1909 चा, लंडनच्या रायडर कंपनीने काढलेला. कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची. चित्रं सगळीच्या सगळी पामेला कोलमन स्मिथ या बाईंची. नाव मात्र पडलं 'रायडर-वेट'. प्रकाशक आला, लेखक आला, चित्रकार राहिली. एवढी चित्रं काढली आणि पैसे फार थोडे मिळाले, असं तिने त्याच वर्षी एका पत्रात लिहिलंय. 1951 मध्ये गेली, तीही ओढगस्तीत. चित्रकलेची शिक्षिका म्हणून मला या गोष्टीचा आजही संताप येतो. वर्गात मी 'स्मिथचा डेक' असंच म्हणते.

तिने केलेलं मोठं काम सांगते. जुन्या प्रचलित डेकमध्ये एक्क्यापासून दश्शीपर्यंतच्या लहान पत्त्यांवर नुसत्या खुणा असायच्या, पाच नाणी म्हणजे पाच नाणी. हिने त्यांतल्या बहुतेक पत्त्यांवर माणसं आणली, प्रसंग आणले. नवशिक्याला चित्र बघून बोलता येतं ते तिच्यामुळे. ती नाटकांच्या नेपथ्याचं आणि वेशभूषेचं कामही करायची. पेंटॅकल्सची दुर्री पाहा. पोरगा सपाट फरशीवर उभा आहे आणि समुद्र मागे पडद्यासारखा टांगल्यागत दिसतो.

तुमची नजर छपाईत मुरलेली आहे, म्हणून एक काम सांगते. भिंग घ्या आणि पत्त्यांचे खालचे कोपरे तपासा. तिच्या आद्याक्षरांची गुंफलेली वळणदार सही सापडेल. कुठे गवतात, कुठे दगडात मिसळून दिलीय. नातीला शोधायला लावा, दुपार मजेत जाईल.

प्रश्न : मॅडम, स्पष्ट विचारतो. तुम्ही शिक्षिका होतात. डॉ. दाभोलकरांच्या महाराष्ट्रात हे थोतांड शिकवताना तुम्हाला काही वाटत नाही?
*– एक तरुण, सातपूर*

स्पष्ट विचारलंत ते बरं केलंत. पत्त्यांना भविष्य कळत नाही. मला तर नाहीच नाही. वर्गात पहिल्या शनिवारी मी हेच सांगते, आणि दुसऱ्या शनिवारी दोन-तीन जण येत नाहीत.

तुम्हाला दोन प्रयोग ठाऊक असतीलच, इतरांसाठी लिहिते. 1948 मध्ये बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 39 विद्यार्थ्यांना 'तुझं खास व्यक्तिमत्त्व-वर्णन' म्हणून कागद दिले. पाचपैकी सरासरी चाराच्या वर गुण पडले, म्हणजे मुलांना ते अगदी तंतोतंत वाटलं. सगळ्यांना एकच मजकूर दिलेला होता, आणि तो रस्त्यावर मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला! दुसरा आपल्या पुण्यातला. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या कुंडल्या मिसळून ज्योतिष्यांना ओळखायला दिल्या. 27 जणांनी उत्तरं पाठवली, प्रत्येकाकडे 40 कुंडल्या. सर्वांत चांगला निकाल 40 पैकी 24. सरासरी निम्म्यालाही पोचली नाही. तो प्रयोग कुंडल्यांचा होता, पण टॅरोवाल्यांनी आपल्याला त्यातून सूट आहे असं समजू नये.

मग मी शिकवते काय? अनोळखी चित्र समोर आलं की माणूस स्वतःबद्दल बोलायला लागतो, ते ऐकायला शिकवते. वर लिहिलेली दिराची गोष्ट त्या बाईंनी 'मोकळेपणी बोला' म्हटल्यावर सांगितली नसती. त्यासाठी प्रश्नही बदलून घ्यावा लागतो. 'नोकरी लागेल का' याला पत्त्यांकडे उत्तर नाही. 'मुलाखतीच्या तयारीत माझं काय राहून जातंय' यावर मात्र तासभर बोलता येतं. आणि फोररचा कागद आमच्या वर्गाचा नियमच आहे. वहीत लिहिलेलं प्रत्येक वाक्य शेजारणीला लावून बघायचं. 'तुम्ही मनाने चांगल्या आहात, पण लोक तुम्हाला समजून घेत नाहीत' हे शेजारणीलाही लागू, तिच्या नणंदेलाही लागू. खोडा ते.

एवढ्यानेही तुमचं समाधान झालं नसेल. शनिवारी येऊन बसा, फी नको.

प्रश्न : ताई, एकेक पत्ता जमतो, पण तीन पत्ते जोडून वाचता येत नाहीत. मी ऑफिस सांभाळून घरगुती डबे करते. नोकरी सोडून पूर्णवेळ डबेच करावेत का, असं विचारून तीन पत्ते काढले. पेंटॅकल्सची दुर्री, सोर्ड्सची अठ्ठी, पेंटॅकल्सची अठ्ठी. वाचून दाखवाल?
*– नोकरदार महिला, सिडको*

वाचून दाखवते, पण 'हो' किंवा 'नाही' यातून निघणार नाही हे आधीच धरून चाला.

तिन्ही पत्ते शेजारी ठेवा आणि एकेकाचा अर्थ लावायच्या आधी थोडं लांबून बघा. दोन मातीचे, एक वाऱ्याचा. दोन अठ्ठ्या. मेजर एकही नाही, म्हणजे आभाळ कोसळायचा प्रसंग नाही, रोजच्या कामधंद्याची गोष्ट आहे. कप एकही नाही. नवीन मुलं आलेल्या पत्त्यांकडेच बघतात. न आलेल्या रंगाकडेही बघायची सवय लावा. घरच्यांना काय वाटतं याचा तुमच्या पत्रातही उल्लेख नाही, बरं का.

आता पहिला. पोरगा दोन नाणी एका दोरीच्या वेढ्यात खेळवतोय, एक पाय उचललेला, डोक्यावर लांबलचक टोपी. मागे जहाजं उंच लाटांवर वरखाली होतायत. ही तुमची आत्ताची स्थिती, ऑफिस आणि डबे. मला त्याचा चेहरा बघावासा वाटतो. तो दमलेला आहे की रमलेला? याचं उत्तर तुम्ही द्यायचं.

दुसऱ्या पत्त्यावर जरा जास्त थांबा. बाईच्या डोळ्यांवर पट्टी, अंगाला बांधलेलं, भोवती आठ तलवारी जमिनीत रोवलेल्या. पण मोजून बघा, तलवारी मागे आणि बाजूला आहेत. समोर एकही नाही. पाय मोकळे आहेत. पायाखाली ओल आहे, जपून टाकलं तर पाऊल पडेल. तिला बांधणारा चित्रात कुठेच नाही. सोर्ड्स म्हणजे विचार आणि शब्द, म्हणून मी तुम्हाला विचारीन, तुमच्या डोक्यात कोणाची वाक्यं रोवलेली आहेत? 'पक्की नोकरी कोणी सोडतं का', 'डबेवाली म्हणतील' असली? आठही लिहून काढा. त्यातली काही खरीच असतील. गृहकर्जाचा हप्ता हे वाक्य नव्हे, तो हप्ताच आहे.

तिसऱ्यात माणूस बाकावर बसून एकेक नाणं ठोकतोय, तयार झालेली खांबावर ओळीने टांगलीत. गाव लांब मागे राहिलंय. हा पत्ता मला मनापासून आवडतो, कारण यात कोणी टाळ्या वाजवत नाही. आता पहिल्या आणि तिसऱ्या पत्त्यातली माणसं बघा. दोघांच्याही हातात नाणीच आहेत. एक उभा राहून झेलतोय, एक बसून घडवतोय. पत्ते जोडून वाचायचे म्हणजे असं, एका चित्रातली वस्तू पुढच्या चित्रात काय झाली ते बघायचं. मधली बाई दोघांच्या मध्ये अडकलीय, हे तुम्हाला आता दिसलंच असेल.

प्रत्यक्षात काय करायचं? दिवाळीच्या सुट्टीला जोडून रजा टाका आणि तेवढे दिवस पूर्णवेळ डबे करून बघा. किराणा, गॅस, पोचवणाऱ्या मुलाचे पैसे, सगळं वहीत मांडा. आकडे काय ते सांगतील. हे मात्र पत्त्यांनी सांगितलेलं नाही, मी सांगतेय.

प्रश्न : मी ऑनलाइन कोर्स केला, सर्टिफिकेट मिळालं. आता पैसे घेऊन रीडिंग सुरू करू का?
*– अशोकनगर*

सर्टिफिकेटला विचारून काय उपयोग? ओळखीच्यांना फुकट वाचून दाखवा आणि प्रत्येकाला नंतर विचारा, यातलं कुठलं वाक्य फक्त तुझ्याबद्दल होतं? उत्तरं मनासारखी यायला लागली की फी ठरवा, आधी सांगा, एकदाच घ्या. समोरचा माणूस रडला तर पत्ते गोळा करा, पाणी द्या. परत-परत त्याच प्रश्नासाठी येणाऱ्याला परत पाठवा.

आणि तोडगे विकू नका. माझ्याकडे आलेल्या एका बाईंना कोणीतरी टॉवरचा पत्ता दाखवून घरात बाधा आहे असं सांगितलं होतं आणि शांतीच्या नावाखाली त्यांचं मंगळसूत्र गहाण पडायची वेळ आणली होती. टॉवरवर वीज पडलीय, मुकुट उडालाय, दोन माणसं खाली कोसळतायत. बाधा कुठल्याही कोपऱ्यात काढलेली नाही. असं कोणी सांगायला लागलं तर पत्ते वाचून घ्यायला गेला असाल तर उठून या, आणि शिकणारे असाल तर त्या गुरूचा नंबर काढून टाका.

थोडक्यात

*पहिला डेक दुसऱ्याने भेट दिलेलाच लागतो का?* – छे. स्वतःच्या पैशांनी घ्या. फक्त लहान पत्त्यांवरही प्रसंगचित्रं आहेत ना, ते बघून घ्या. नक्षीदार, सोनेरी कडांचे डेक पुढे घ्यायचे तेवढे घ्या.

*मासिक पाळीत पत्त्यांना हात लावला तर चालतो?* – लावा. छापील पुठ्ठा आहे तो.

*पौर्णिमेच्या चांदण्यात डेक शुद्ध करावा लागतो असं ऐकलं.* – गच्चीवर ठेवायचाच असेल तर मांजरं सांभाळा.

*मराठी पुस्तक सुचवा.* – आधी तीन महिने स्वतःची वही लिहा, मग विचारा.

*पावसाळ्यात पत्ते वाकतात, एकमेकांना चिकटतात.* – आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये होतंच ते. ओल्या हातांनी पिसू नका. कोरड्या सुती फडक्याने एकेक पुसा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि औषधांच्या किंवा बुटांच्या खोक्यात येते ती सिलिका जेलची पुडी आत टाका. वाकलेले असतील तर रात्रभर जाड शब्दकोशाखाली. इस्त्री फिरवू नका, एका वाचकाने तसं विचारलंय म्हणून लिहिते.